घर आहे, जागा नाही

मागच्या जूनमध्ये आमच्या कार्यालयातील शिपाईबाई जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आल्या. हातात पिशवी, पिशवीत मुलीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळे प्लॅस्टिकच्या कागदात नीट गुंडाळलेले. म्हणाल्या, "ताई, हिला बारावीला एकाहत्तर टक्के पडलेत. ते बाबासाहेबांच्या नावाचं स्वाधार का काय म्हणतात, तेवढं भरून द्या."

मी लोकांचे अर्ज भरून देते, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक आहे. बी.कॉम. झालेली कारकून बाई. हिशेब आणि अर्ज यांतच माझे निम्मे आयुष्य गेले. पण त्या दिवशी पेन उघडले आणि तसेच मिटले. स्वाधार योजना जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झाली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि इतर खर्चासाठी पैसे द्यायचे, असे तिचे स्वरूप. योजना चांगलीच आहे, मी अनेक मुलांचे अर्ज भरले आहेत. पण तिच्यात एक अट आहे. ज्या शहरात कॉलेज, त्या शहराचा रहिवासी विद्यार्थी चालत नाही. ही मुलगी घाटकोपरची आणि कॉलेजही मुंबईतलेच.

मी बाईंना समजावून सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्हाला घर आहे म्हणून मिळत नाही?"

"हो."

"पण ताई, तुम्ही बघितलंय ना आमचं घर?"

बघितले होते. डोंगरावरच्या वस्तीत दहा बाय दहाची खोली, त्यात सहा माणसे. मोरी आत, पिंप दारात, सासूबाई दम्याने रात्रभर खोकतात. मुलगी मोरीच्या कट्ट्यावर पाट टाकून लिहिते, कारण तेवढीच जागा रात्री दहानंतर रिकामी होते. अर्जात घर आहे की नाही हे विचारतात. त्या घरात माणसे किती झोपतात आणि त्यांच्यात वही उघडायला जागा उरते का, हा रकाना मी अजून कोणत्याही अर्जात पाहिलेला नाही.

त्या दिवशी घरी येताना लोकलमध्ये मला आमची वरळीची खोली आठवत राहिली.

आम्ही बी.डी.डी. चाळीतले. गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी आहेत. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांबलचक बोळ, दोन्हीकडे खोल्या, आणि संडास सगळ्यांचे मिळून. खोली १६० चौरस फुटांची. त्या १६० फुटांत आई, बाबा, आजी, दादा, मधला भाऊ, मी आणि धाकटी बहीण. बाबा गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, पुढे ते एका सोसायटीत वॉचमन झाले. रात्रपाळी असली की खोलीत एक माणूस कमी, म्हणून आम्हा पोरांना त्यांची रात्रपाळी आवडायची. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे.

झोपण्याची व्यवस्था ठरलेली असे. दोघे भाऊ बाहेर बोळात. आजी खाटेवर. खाटेचे पाय विटांवर उचललेले होते, म्हणजे खाली सामानही राहायचे आणि एक माणूसही. त्या खाटेखालची जागा माझी. तिथे मी वायर ओढून घेतलेल्या बल्बच्या उजेडात पालथी पडून अभ्यास करीत असे. बसता येत नसे, डोके खाटेच्या पट्ट्यांना लागे. वाणिज्य शाखेचा अभ्यास पालथे पडून करून पाहा. खतावणीची वही लांब असते, दोन्ही पाने एकदम उघडावी लागतात, नाहीतर नावे आणि जमा या दोन बाजू नजरेसमोर राहत नाहीत. मी एका वेळी एकच बाजू बघत असे.

दादाला हा त्रास नव्हता. जेवण झाले की तो चटई बगलेत मारून अभ्यास गल्लीत जायचा. वरळीत पोदार रुग्णालयाजवळ सुदाम काळू अहिरे मार्ग आहे, त्याला सारे जण अभ्यास गल्ली म्हणतात. शांत रस्ता, कडेला झाडे, महापालिकेचे दिवे. चाळीतली पिढ्यान्‌पिढ्यांची मुले त्या दिव्यांखाली बसून शिकली. आता ती गल्ली सुशोभित झाली आहे, बाके आली आहेत, वर्तमानपत्रांत तिच्यावर कौतुकाने लिहून येते. कौतुक व्हायलाच हवे. पण मला नेहमी वाटते की ज्या गावातल्या मुलांना अभ्यासासाठी रात्री रस्त्यावर बसावे लागते, त्या गावाने एवढे अभिमानाने ते सांगू नये.

आणि ती गल्ली मुलांची होती. मुली येत नसत असे नाही. दोघीतिघी यायच्या, पण दिवेलागणीपर्यंत. दादा रात्री दोनला परत यायचा. मी एकदाच, बारावीच्या वर्षी, मैत्रिणीबरोबर नऊपर्यंत थांबले. बाबा शोधत आले. रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. माझ्या पुढे चालत राहिले आणि चाळीच्या जिन्यात वळून एवढेच म्हणाले, "तुझं बरोबर आहे बाळ, पण मला रात्रपाळीला जायचं असतं. जीव थाऱ्यावर राहत नाही." त्यानंतर मी गेले नाही.

मार्च १९९७, माझी बारावीची परीक्षा. हिशेबाच्या पेपरच्या आदल्या दिवशी गावाहून चुलते आले. पोटाच्या दुखण्यासाठी त्यांना के.ई.एम.ला दाखवायचे होते. बरोबर चुलती. आता खोलीत नऊ माणसे. खाटेखालची जागा चुलतीला दिली, आजारी माणसाची बायको, तिला नाही कसे म्हणणार? मी वही घेऊन जिन्यात बसले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, संडासच्या बोळाला लागून, तिथे एक पिवळा दिवा असायचा. बारापर्यंत येणारे-जाणारे मला ओलांडून जात होते. तेरीज जुळत नव्हती. पंधरा रुपयांचा फरक येत होता. तो सापडतो न सापडतो तोच दिवा गेला.

मला चोपन्न टक्के मिळाले. बी.कॉम. केले. सी.ए.च्या फाउंडेशनचा फॉर्म भरला होता, एकदा बसले, नापास झाले, दुसऱ्यांदा फॉर्मचे पैसे मागायचे धाडस झाले नाही. सगळा दोष खोलीचा, असे मी म्हणणार नाही. त्याच चाळीतून डॉक्टर झाले, वकील झाले, अधिकारी झाले. माझीही बुद्धी काही फार मोठी नव्हती. पण त्या पंधरा रुपयांचा फरक मला अजून स्वप्नात येतो.

आपल्या घरांत बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची गोष्ट लहानपणीच सांगितली जाते. परळच्या चाळीत एकच खोली, त्यात सामान, चूल, माणसे. रामजीबाबा मुलाला संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे होत. ही गोष्ट आपण परिश्रमाचा धडा म्हणून सांगतो. बाप झाल्यावर, आई झाल्यावर तिच्यात दुसरेही काही दिसते. जागा एकच होती आणि तिच्यात आळीपाळीने माणूस मावत होता, हा त्या गोष्टीतला हिशेब आहे. बाबासाहेब तो विसरले नसावेत. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि लगेच ४ जानेवारी १९२५ ला सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. हाती पैसा थोडा असताना त्यांनी आधी मुलांच्या राहण्याची सोय पाहिली.

हे झाले शहरातल्या मुलांचे. खेड्यातून शहरात येणाऱ्यांचे दुखणे निराळे. माझ्या नणंदेचा मुलगा उदगीरकडचा. तीन वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्याला आला. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही. मी दोन दिवस रजा काढून त्याच्याबरोबर पेठांमधून हिंडले. पुण्यात 'कॉट बेसिस' म्हणून प्रकार आहे, म्हणजे खोली नव्हे, खाट भाड्याने. एका खोलीत चार खाटा, प्रत्येक खाटेचे साडेचार हजार, डिपॉझिट वेगळे, पाण्याची वेळ ठरलेली, रात्री अकरानंतर दिवा बंद. दिवा बंद करणार असाल तर मुलगा इथे कशाला आला, हे मी विचारले नाही.

एका वाड्यात खोली चांगली होती. बाईंनी चहासुद्धा विचारला. मग नाव विचारले. पोराने नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले. "आणि पुढे?" त्याने आडनाव सांगितले. "गाव कुठलं? घरी नॉनव्हेज खाता का?" दोनतीन प्रश्न आणखी झाले आणि बाई म्हणाल्या, "बघते, यांना विचारून कळवते." आम्ही जिना उतरलो. पोरगा म्हणाला, "मामी, चहा घेतला असता तर बरं झालं असतं, आता दुकानात वीस रुपये जातील." तो हसला म्हणून मीही हसले. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून एका सराईत उतरले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. शंभर वर्षांत काठ्या गेल्या, 'कळवते' आले.

त्या मुलाला पुढे स्वाधार मंजूर झाली. योजना जाहीर झाली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी वर्षाला एकूण ६०,००० रुपये ठरले होते. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. वीस हजारांना बाराने भागा, महिन्याला १,६६६ रुपये होतात. एवढ्यात त्याची साडेचार हजारांची खाट अर्धीसुद्धा होत नव्हती. शिवाय डिपॉझिट आधी द्यायचे, योजनेचा पैसा नंतर यायचा. मधल्या महिन्यांत नणंदेने कानातले मोडले. मी कारकून आहे, तरतूद कागदावर कशी बसते हे मला कळते. पण भाडे कागदावर राहत नाही.

आता माझ्या घरचे सांगते, म्हणजे मी दुसऱ्यांचेच सांगून मोकळी झाले असे होणार नाही. लग्नानंतर आम्ही मुंबईत भाड्याने दोन ठिकाणी राहिलो, अकरा महिन्यांचे करार संपले की हलायचे. शेवटी कर्ज काढून बदलापूरला वन रूम किचन घेतले. मुंबईत ते आमच्या सात जन्मांत झाले नसते. थोरली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज दादरजवळ. सहाच्या आतली लोकल धरते, संध्याकाळी सातला घरी येते. प्रवासाचे रोज तीन-साडेतीन तास. लोकलमध्ये अभ्यास होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी सकाळी सहाची बदलापूर गाडी महिलांच्या डब्यातून बघावी. मुलीचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर, ते झोपलेले असले की घरात दिवा लावायचा नाही. धाकटा दहावीला. म्हणजे वरळीची खोली आम्ही बदलापूरला घेऊन आलो आहोत, फक्त कर्जाचे हप्ते वाढले. दोघांच्या पगारांमुळे उत्पन्नाच्या मर्यादेत आम्ही बसत नाही, तेव्हा योजनेचा विषयच नाही.

इकडे वरळीत पुनर्विकास झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, तेही मोफत. त्या कुटुंबांत आमचा दादा आहे. बाबा गेल्यावर भाडेपावती दादाच्या नावावर करायची म्हणून आम्ही दोघी बहिणींनी स्टँप पेपरवर सह्या केल्या होत्या. मसुदा मीच टाइप केला होता. त्याचे मला दुःख नाही, दादानेच आईबाबांना शेवटपर्यंत सांभाळले, आई अजून त्याच्याकडेच आहे.

घर बघायला गेले तेव्हा आईने माझा हात धरून खोल्या दाखवल्या. "हा संडास आपला एकट्याचा," हे तिने दोनदा सांगितले. आतल्या खोलीत भाच्याचे टेबल होते. खिडकीशी लावलेले, वर दिवा, मागे खुर्ची. आमच्या घराण्यात अभ्यासाला टेबल असलेला तो पहिला. तो दार लोटून वाचत बसला होता आणि दादा त्या दाराकडे बघत मला हळूच म्हणाला, "मी अजून रात्री उठून बघतो, हा बाहेर तर गेला नाही ना."

मी विचारायला गेले होते ते बराच वेळ तोंडातून निघेना. शेवटी वहिनीला स्वयंपाकघरात गाठले आणि म्हटले, थोरलीला निदान परीक्षेपुरती इथे ठेवाल का. वहिनीने गॅस बारीक केला. म्हणाली, "ताई, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू का, वीस वर्षं मी त्या खोलीत काढली. माझ्या पोरांना आत्ता कुठे दार मिळालंय." मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर एवढ्या सरळपणे बोलले असते की नाही, कोण जाणे. दोघींनी मिळून भाजी निवडली. निघताना तिनेच सांगितले, "परीक्षेच्या महिन्यात सोमवार ते शुक्रवार पाठवा. आईंजवळ झोपेल. टेबलाचं काय ते पोरं आपसात ठरवतील." पहिल्या सत्राच्या परीक्षेला ती राहिली. भाऊ रात्री दहापर्यंत, बहीण दहानंतर, असे टेबल त्यांनी वाटून घेतले आहे. पाच दिवसांत प्रवासाचे सोळा-सतरा तास वाचले.

पण परीक्षा वर्षातून दोनदा. बाकीच्या महिन्यांचे काय, आणि ज्यांना वरळीला मामा नाही त्यांचे काय? आमच्या बदलापूरच्या वस्तीत विहार आहे. हॉल मोठा, पंखे आहेत, संध्याकाळची वंदना झाली की साडेआठला कुलूप. मी समितीपुढे विषय मांडला की हॉल अकरापर्यंत अभ्यासाला उघडा ठेवावा. मुलांसाठी सगळे तयार. मुलींसाठी म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. रात्रीची वेळ, जबाबदारी कोणाची, उद्या काही झाले तर? एका ज्येष्ठ बंधूंनी तर सांगितले, मुली घरीही वाचू शकतात. मी त्यांना विचारले, "दादा, तुमच्या नातीची वाचायची जागा कुठे आहे?" त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "गॅसच्या ओट्याजवळ." मग हसायला लागले, आणि ठराव झाला.

लाइटबिलासाठी घरटी वीस रुपये ठरले. आठवड्यातले चार दिवस मुलींचे, रात्री एकेका आईने थांबायचे आणि सुटताना सगळ्यांना घरापर्यंत सोडायचे. सोमवार माझा. मी कार्यालयातले राहिलेले हिशेब घेऊन दाराशी बसते. गेल्या सोमवारी सतरा मुली होत्या आणि बसके डेस्क नऊ, त्यामुळे आठ जणी मांडीवर वही ठेवून लिहीत होत्या. कोणाच्या घरी पोरांची शाळा संपल्यावर माळ्यावर टाकलेले डेस्क, पाट किंवा टेबललँप असेल तर विहारात आणून द्यावे. सोमवारी साडेआठ ते अकरा मी दाराशीच असते.